बाई, काठी बुडाली!

बालमित्रांनो, तुमच्या गावाला नदी आहे का? आहे म्हणता? छान! मग सांगा पाहू, ती येते कुठून आणि जाते कुठं? ‘डोंगरातून येते आणि समुद्राला मिळते’ असं उत्तर लिहिलंत तर पेपरात पूर्ण गुण मिळतील. मीसुद्धा इतकी वर्षं मुलांना या उत्तराला पूर्ण गुण देत आले. पण आमच्या वर्गातल्या एका मुलीनं मला नदीबद्दल असा काही प्रश्न विचारला, की त्याचं उत्तर शोधायला आम्हाला जवळजवळ वर्षभर नदीकाठानं चालावं लागलं. त्यात एकदा तर माझ्या तोंडचं पाणीच पळालं! तीच हकिकत आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी माझी थोडी ओळख. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. माझं माहेर माणदेशातलं. आमची माण नदी वर्षातले कितीतरी महिने कोरडी असते. लहानपणी आम्ही नदीत पोहायला नाही, तर चेंडूफळी खेळायला जायचो! डी.एड. झाले आणि नेमणूक मिळाली ती थेट कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यात. पहिल्या जूनमध्ये पाऊस सुरू झाला तेव्हा मला वाटलं, दोन दिवसांत थांबेल. तो थांबला गणपतीनंतर!

राजापूर हे फार जुनं बंदर. ‘बंदर’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर समुद्र आला असेल. पण राजापूर समुद्रापासून सुमारे चोवीस किलोमीटर आत आहे. सह्याद्रीतून येणारी अर्जुना नदी आणि तिला इथं भेटणारी कोदवली नदी यांच्या संगमाजवळ हे गाव वसलंय. पुढं अर्जुनेची खाडी होते आणि ती जैतापूर, नाटे, मुसाकाझी या गावांजवळ समुद्राला मिळते. भरतीचं पाणी या खाडीतून वर चढत राजापूरपर्यंत येतं. पूर्वी त्या पाण्याबरोबर गलबतंही येत. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून अणुस्कुरा घाटानं खाली उतरायचा, तो राजापूरच्या धक्क्यावर जहाजांत चढायचा आणि पार अरबस्तानापर्यंत जायचा. म्हणून तर इंग्रजांनी सतराव्या शतकात इथं वखार घातली होती.

वर्गात मी हाच धडा रंगवून सांगत होते. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली. महाराजांनी ते लक्षात ठेवलं आणि १६६१ साली राजापुरावर चालून येऊन ती वखार लुटली, इंग्रजांना कैद केलं. मुलं अगदी कान टवकारून ऐकत होती. बाहेर जुलैचा पाऊस कोसळत होता. आदल्याच आठवड्यात बाजारपेठेत पाणी शिरलं होतं. तेवढ्यात एक हात वर झाला.

या मुलीचं नाव मी सांगणार नाही, कारण तिला ते मुळीच आवडणार नाही. आपण तिला ‘प्रश्नवाली’ म्हणू या. तिच्या वडिलांचं बाजारपेठेत लहानसं किराणा दुकान आहे.

ती म्हणाली, “बाई, जहाजं इथवर यायची म्हणजे नदी खोल असणार ना?”

“हो तर!”

“पण उन्हाळ्यात ओहोटीच्या वेळी तिथं आमच्या गुडघ्याएवढंच पाणी असतं. जहाज सोडा, होडीसुद्धा टेकते. मग पावसाळ्यात आमच्या दुकानात एवढं पाणी येतं कुठून?”

सगळा वर्ग हसला. मीही हसले आणि म्हणाले, “अगं, पावसाळ्यात पाऊस जास्त पडतो, म्हणून!”

ती खाली बसली. पण बसता बसता हळूच म्हणाली, “पाऊस तर तेव्हाही पडत असेल ना, बाई?”

काय उत्तर देणार? तिचं म्हणणं बरोबर होतं. नदी जहाजाला पुरत नाही इतकी उथळ झाली आणि त्याच नदीचं पाणी दुकानात मावत नाही इतकं चढतं. हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल? मी फळ्याकडे वळले आणि मनात ठरवलं, हे पुस्तकात बघून नाही, नदीवर जाऊनच बघायचं.

ऑगस्टमध्ये पावसानं जरा उघडीप दिली तेव्हा आमची पहिली पायवाट ठरली. कोदवली नदीच्या कडेनं वर जायचं. कोदवली गावात इंग्रजांच्या काळात बांधलेलं एक जुनं धरण आहे. लोक त्याला ‘सायबाचं धरण’ म्हणतात आणि राजापूर शहर त्याचं पाणी पितं. मुलांनी घरून पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणल्या होत्या. वाटेत जिथं जिथं लहानसा व्हाळ नदीला मिळत होता, तिथं एकेक बाटली भरायची, तिला चिठ्ठी चिकटवायची आणि वहीत लिहायचं, ‘वर काय दिसतं?’

गंमत बघा हं. एका व्हाळाच्या वर दाट झाडी होती. आंबे, किंजळ, ऐन, खाली पाचोळ्याचा जाड थर. त्या व्हाळाचं पाणी इतकं स्वच्छ, की बाटलीतून पलीकडचा माणूस दिसत होता. थोडं पुढं दुसरा व्हाळ. त्याच्या वरचा उतार यंत्रानं नुकताच मोकळा केलेला, गवताचं पातं नाही. त्याचं पाणी कसं? तर दुधाशिवायचा चहा जसा दिसतो, तसं लालेलाल! दोन्ही व्हाळांवर पाऊस एकच पडला होता आणि मध्ये अंतर होतं हाका मारण्याएवढं.

बाटल्या आम्ही वर्गाच्या खिडकीत ओळीनं ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर स्वच्छ बाटलीच्या तळाला नखाएवढाही थर नव्हता आणि लाल बाटलीत बोटाच्या अर्ध्या पेराएवढी माती बसली होती. एक मुलगा म्हणाला, “बाई, एका बाटलीत एवढी, तर अख्ख्या नदीत किती?” त्या दिवशी गणिताचा तास आपोआप झाला!

तर मंडळी, नदी नुसतं पाणी आणत नाही, मातीही आणते, हे कळलं. आता ती माती जाते कुठं?

दिवाळीची सुट्टी संपल्यावर दुसरी पायवाट. ही गावातलीच. राजापुरात घाट्या उतरत, वळत, चिंचोळ्या बोळांतून चालायला फार मजा येते. जवाहर चौकातून आम्ही बाजारपेठेत आलो. प्रश्नवालीनं आपल्या दुकानाच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ दाखवली. ती माझ्या कमरेच्या वर होती. मग आम्ही बंदर धक्क्याकडे गेलो. संगम पाहिला. मुलांनी एका लांब काठीवर खुणा करून पाणी मोजलं. काठी पाण्यात थोडीच बुडाली, पण जोर लावला तर खाली चिखलात मात्र भसकन आत शिरली!

मी बरोबर एका जुन्या ग्रंथातले उतारे लिहून नेले होते. १८८० साली सरकारनं रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटियर छापलं. गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारं जाडजूड पुस्तक. त्यात राजापूरबद्दल लिहिलंय की अरबांची गलबतं अजूनही इथं थेट व्यापाराला येतात, पण जरा मोठं जहाज जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैलांच्या आत येऊ शकत नाही. तीन मैल म्हणजे जवळपास पाच किलोमीटर.

“म्हणजे १८८० सालीच नदी भरली होती!” मुलं ओरडली. “म्हणजे ही आपलीच चूक नाही!”

“नुसती आपलीच नाही, हे खरं,” मी म्हटलं. “नदी गाळ आणतच असते, ते तिचं कामच आहे. पण आपण डोंगर जितके उघडे करू, तितकं तिचं ओझं वाढवू. लाल बाटली आठवते ना?”

प्रश्नवालीचं समाधान झालं असेल असं तुम्हाला वाटतं? छे! ती म्हणाली, “पण बाई, नदी एवढ्या लांबून माती आणते, मग इथंच का टाकते? पुढं समुद्र आहे की! तिथं का नेऊन टाकत नाही?”

पुन्हा माझी विकेट पडली. आता खाडी बघायलाच हवी होती.

आणि इथंच माझ्या हातून ती चूक झाली.

मुलांना न्यायचं म्हणजे आधी आपण जागा पाहून यायला हवी, एवढं मला डी.एड.ला शिकवलेलं होतं. म्हणून जानेवारीत एका बुधवारी सुट्टी होती, तेव्हा मी आणि शाळेतले एक सर खाडीकाठच्या एका गावी जाऊन आलो. सकाळी दहाला पोहोचलो. पाणी मागं हटत होतं. दुपारी दोनपर्यंत समोर रेतीचा आणि चिखलाचा लांबच लांब पट्टा उघडा पडला होता. त्यावर कुर्ल्या पळत होत्या, निवट्या उड्या मारत होत्या, तिवरांच्या मुळ्या जमिनीतून पेन्सिलीसारख्या वर आल्या होत्या. मला वाटलं, मुलांसाठी याहून सुंदर वर्ग कुठला? वहीत लिहून ठेवलं, ‘दहा ते दोन, पाणी नाही.’

अकरा दिवसांनी, रविवारी, आम्ही एकोणीस मुलांना घेऊन त्याच जागी गेलो. पालकांच्या चिठ्ठ्या घेतल्या होत्या, प्रथमोपचाराची पेटी होती, पाणी होतं, खाऊ होता. सकाळी दहाला पाहिलं, तर पट्टा अगदी माझ्या वहीत लिहिला होता तसाच उघडा. एक उथळ ओहळ ओलांडून आम्ही पट्ट्यावर गेलो. ओहळात घोट्याएवढंच पाणी होतं. मुलं कुर्ल्यांची बिळं मोजायला लागली. प्रश्नवालीनं मात्र आपली खुणांची काठी पाण्याच्या कडेला रोवली आणि तिच्याजवळ उकिडवी बसून राहिली.

साधारण साडेअकरा वाजले असतील. तिची हाक आली, “बाई, काठीची पहिली खूण बुडाली.” मी म्हटलं, “लाट आली असेल गं.” थोड्या वेळानं पुन्हा, “बाई, तिसरी खूण बुडाली.” मी इकडं मुलांना तिवराचं पान चाखायला देत होते, कारण त्याच्यावर मीठ जमलेलं असतं. मी नुसतं ‘हं हं’ केलं. आणि मग ती जोरात ओरडली, “बाई, काठी बुडाली!”

मी मागं वळून पाहिलं. आम्ही घोटाभर पाण्यातून ओलांडलेला तो ओहळ आता चांगला रुंद झाला होता. सर पुढं गेले, तर पाणी त्यांच्या मांडीपर्यंत आणि पाय चिखलात रुतायला लागले. एका मुलाची चप्पल चिखलानं गिळली ती गिळलीच. आमच्याभोवतीचा पट्टा दर मिनिटाला लहान होत होता. एकोणीस मुलं! त्यांतल्या निम्म्यांना पोहता येत नव्हतं. आणि मला? मी माणदेशातली! मला कुठलं पोहता येणार? मुलांना दिसू नये म्हणून मी हात पदराखाली घट्ट धरले होते, कारण ते थरथरत होते. मी सगळ्यांना पट्ट्याच्या सर्वांत उंच जागी उभं केलं, हात धरायला लावले आणि आम्ही सगळे मिळून किनाऱ्याकडे हाका मारू लागलो.

आमचं नशीब, की एक म्हातारे होडीवाले जाळं घेऊन निघाले होते. त्यांना आम्ही चाचा म्हणतो. त्यांनी होडी वळवली आणि चार खेपांत सगळ्यांना काठावर आणलं. शेवटच्या खेपेला मी, सर आणि प्रश्नवाली होतो. ती आधी यायलाच तयार नव्हती. म्हणे, माझी काठी दिसेपर्यंत थांबते!

काठावर आल्यावर मी चाचांना म्हटलं, “चाचा, मी मागच्या खेपेला नीट बघून गेले होते हो. दहा ते दोन पाणी नव्हतं.”

चाचांनी विचारलं, “बाई, तेव्हा तिथी कुठली होती?”

तिथी? मी गप्पच!

“आज कुठली?”

एक मुलगी म्हणाली, “आज संकष्टी. आईचा उपास आहे.”

“बघा, पोरीला ठाऊक आहे!” चाचा हसले. “आज तुमची संकष्टी, आमच्या चांदाची अठरावी. चंद्र तोच! आता हिशेब करा. संकष्टी म्हणजे चतुर्थी, म्हणजे चार. चाराची पाऊणपट किती? तीन. म्हणजे आज तीनच्या सुमाराला भरती पुरी. सहा तास मागं जा. नऊला ओहोटी संपली. तुम्ही खाली उतरलात दहाला, म्हणजे पाणी फिरल्यावर उतरलात.”

मग मी बोटं मोजून मागं गेले. आमचा तो बुधवार म्हणजे अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणून दुपारी बाराला ओहोटी. बरोब्बर! तेव्हा दहा ते दोन पाणी नव्हतंच. पण भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासानं पुढं सरकते, हे मी वर्गात शिकवलेलं असूनही ते माझ्या घड्याळात कधी शिरलंच नव्हतं! चाचांनी आणखी सांगितलं, की हा हिशेब अंदाजाचा. खाडीत जितकं आत जाल, तितकी भरती उशिरा पोहोचते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा कमी.

त्या संध्याकाळी मुलांना घरी सोडल्यावर मी सगळ्या पालकांना शाळेत बोलावलं आणि काय घडलं ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं. कुणाकडून तरी कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. एक आई फार चिडल्या. म्हणाल्या, “बाई, तुम्ही देशावरच्या. तुम्हाला खाडी काय ठाऊक? आमच्यापैकी कुणाला विचारायचं तरी!” त्यांचं अगदी खरं होतं. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी भरतीचा हिशेब येणारं माणूस होतं आणि मी एकालाही विचारलं नव्हतं. मी सगळ्यांची माफी मागितली.

मला वाटलं, आता आपलं चालणं संपलं. पण दोन दिवसांनी त्याच आई शाळेत आल्या. म्हणाल्या, “पुढच्या वेळी मी येते बरोबर. माझे वडील तांडेल होते.”

पण थांबा, प्रश्नवालीचा प्रश्न राहिलाच की! नदी माती इथंच का टाकते? तो तिनं होडीतच चाचांना विचारला होता. चाचा म्हणाले, “वरून नदी येते, खालून भरती येते. अरुंद पुलावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर काय होतं? दोन्ही थांबतात. पाणी थांबलं की त्याच्या डोक्यावरचं ओझं खाली पडतं.”

किती सोपं! वेगानं धावणारं पाणी माती वाहून नेतं आणि पाणी मंदावलं की माती खाली बसते. यात खाऱ्या पाण्याचाही हात असतो. तो तुम्ही घरी पाहू शकता. काचेचे दोन सारखे पेले घ्या. दोन्हींत पाणी भरा. एकात दोन चमचे मीठ विरघळवा. मग दोन्हींत चमचाभर बारीक चिकणमाती घालून ढवळा आणि ठेवून द्या. आमच्या वर्गात मिठाचं पाणी आधी निवळलं, दुसरं मात्र बराच वेळ गढूळ राहिलं. मातीचे अगदी बारीक कण गोड्या पाण्यात एकमेकांपासून दूर राहून तरंगतात. मीठ असलं, की ते एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि जड होऊन तळाला बसतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात ना, तसंच काहीसं. आता लक्षात आलं? जिथं गोडं पाणी खाऱ्याला भेटतं, तिथं गाळ बसायला दोन दोन कारणं असतात.

आता मूळ प्रश्न. उथळ नदी आणि दुकानात पाणी! याचं उत्तर शेवटी मी नाही दिलं, प्रश्नवालीनंच दिलं. तिनं शाळेतल्या दोन सारख्या कळश्या नळाखाली ठेवल्या. एक रिकामी, दुसरी अर्धी वाळूनं भरलेली. दोन्हींत तांब्यानं मोजून पाणी ओतलं. वाळूची कळशी कितीतरी आधी उतू गेली. ती म्हणाली, “बाई, नदी म्हणजे ही कळशी. वाळू भरली म्हणून जहाज मावत नाही आणि वाळू भरली म्हणूनच पूरसुद्धा मावत नाही. दोन्हींचं कारण एकच!”

वर्ग टाळ्या वाजवत होता. मी मात्र जुलैतलं माझं उत्तर आठवून मनातल्या मनात कान पकडले.

या उत्तराला आणखी एक बाजू आहे. डोंगरात मुसळधार पाऊस आणि खाडीत उधाणाची भरती एकाच वेळी आली, तर पुराच्या पाण्याला पुढं जायला वाटच मिळत नाही. ते गावात शिरतं. खाडीकाठच्या पुष्कळ गावांचं हेच दुखणं आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं ते तुम्ही ऐकलं असेल. त्यानंतर तिथं वाशिष्ठी नदीतला गाळ काढायचं मोठं काम सुरू झालं. गाळ काढायलाच हवा. पण वरून लाल व्हाळ येतच राहिले, तर कळशी पुन्हा भरणार, हेही खरं ना?

म्हणून फेब्रुवारीत आम्ही आमच्यापुरतं एक छोटं काम केलं. शाळेच्या मागच्या उतारावरून पावसात लाल पाणी वाहतं. तिथं मुलांनी आणि पालकांनी मिळून आडव्या ओळींत दगड रचले आणि जूनच्या पहिल्या सरीनंतर त्या ओळींमागं वाळा आणि गवत लावलं. त्या पावसात खिडकीत पुन्हा बाटल्या लागल्या. पहिल्या बाटल्या लालच होत्या. गणपतीपर्यंत रंग थोडा फिका झाला. नदीच्या मानानं हे काहीच नाही, मला ठाऊक आहे. पण आता आमच्या मुलांना व्हाळाचा रंग पाहिला, की वर डोंगरावर काय चाललंय ते ओळखता येतं.

आणि प्रश्नवालीचं दुकान? त्याही जुलैत पाणी आलं बरं का! एका वर्षात नदी खोल होत नसते. पण या वेळी थोडा फरक होता. तिनं दुकानात भिंतीवर कालनिर्णय टांगलं होतं आणि उधाणाच्या तिथींवर लाल पेन्सिलीनं गोल केले होते. अमावास्येच्या आदल्या रात्री पाऊस थांबेना, तेव्हा तिनं हिशेब केला. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे उद्या सकाळी सव्वाअकराच्या पुढं भरती. तिनं वडिलांच्या मागं लागून रात्रीच सगळा माल माळ्यावर चढवायला लावला. दुसऱ्या दिवशी दुकानात मांडीभर पाणी होतं, पण साखरेची पोती कोरडी होती! तिच्या वडिलांनी मला हे सांगितलं, तेव्हा त्यांचा आवाज जरा भरून आला होता.

पालकांनाही एक विनंती. मुलांना नदीवर घेऊन जा. ‘तिकडं जाऊ नकोस’ एवढंच सांगितलं, तर ती एकटी जातात. तुम्ही हात धरून नेलंत, तर ती शहाणी होऊन येतात. आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना बरोबर घ्या. पुस्तकात नसलेली पुष्कळ पानं त्यांच्याकडं असतात.

आणि बालमित्रांनो, राजापूरला आलात तर आमच्या पायवाटांनी जरूर चाला. धोपेश्वरला मृडानी नदीकाठचं धूतपापेश्वराचं देऊळ आणि धबधबा बघा. उन्हाळ्याचे गरम पाण्याचे झरे बघा. जवळच गंगातीर्थाची चौदा कुंडं आहेत. तिथली गंगा कधी येईल आणि कधी जाईल, याचा नेम नसतो! नाट्याला खाडीच्या तोंडाशी यशवंतगड आहे. तिथून नदी समुद्राला कशी मिळते ते दिसतं.

नाही जमलं, तर तुमच्या गावचा ओढा आहेच. मात्र एवढं लक्षात ठेवा. मोठ्या माणसाशिवाय पाण्याकडे जायचं नाही. पावसात नदीपात्रात उतरायचं नाही. खाडीवर किंवा समुद्रावर गेलात, तर आधी तिथल्या माणसाला विचारायचं, “काका, आज भरती किती वाजता?” लाजायचं नाही. मी लाजले नव्हते, विचारायचं मला सुचलंच नव्हतं. पण पाणी दोघांतही फरक करत नाही!

आणि हो, बरोबर खुणांची एक काठी न्या. तिच्याजवळ बसणारं कुणी ‘बाई, काठी बुडाली’ म्हणालं, तर पहिल्याच हाकेला मागं वळून बघा.